शुक्रवार, सायंकाळी साडेसहा

लक्ष्मीपुरीत मुनीर अत्तारच्या रद्दीच्या गाळ्यात
मला खुर्ची नाही, गठ्ठा आहे.
त्याच्यावर बसून दुसरे गठ्ठे उसकटतो
गेली एकवीस वर्षं.
मुनीर म्हणतो, "मास्तर, तुमचं गिऱ्हाईकच उलटं.
देश हसत होता त्या आठवड्याचं दिलं
तर नको म्हणता."

खरं आहे.
मला सुखाचे अंक लागत नाहीत.

एकाहत्तरच्या डिसेंबरातला रेडिओचा पाक्षिक अंक मिळाला
तो खिडकीच्या काचेला खळीनं डकवलेला.
ब्लॅकआउटमध्ये शुक्रवार पेठेतल्या कुणीतरी
ऐकायचं सगळं उजेडाच्या तोंडावर लावून टाकलेलं.
काचेसकट आणला.
रिक्षावाल्यानं काचेचं भाडं वेगळं घेतलं.

टीव्हीचा पहिला सापडला पंच्याहत्तरच्या जुलैचा.
त्यात संपादकांच्या पानावर दुधी हलव्याची कृती.
आधीच्या अंकांत पाककृती नव्हती कधी.
शालन म्हणाली, करून बघू का?
केला.
कृतीत साखर लिहायचीच राहिली होती.

कारगिलच्या उन्हाळ्यातल्या अंकात, कव्हरवर नटी,
मधल्या पानावर 'जवानास पत्र लिहा' असा कापायचा चौकोन.
सैनिक टाकळीतल्या एका घरातनं आलेला.
चौकोन भरलाय, कापलेला नाही.
'तिकडं थंडी आसंल' एवढं वाचून
मी पान मिटलं.

लोक विचारतात, ह्यात बघायचं काय?
मी सांगतो, छापखाना आठ दिवस आधी चालतो.
काय कोसळणार ते ह्या पानांना ठाऊक नसतं.
सोमवारी भुईमुगावरची कीड,
मंगळवारी नाटक, अंक दुसरा,
किती ठाम, वेळेसकट.
जे झालंच नाही त्याची इतकी नीट यादी
दुसरं कोण ठेवतंय?

हे उत्तर लोकांसाठी.

चौऱ्याऐंशीला शाळेच्या बारा पोरी
मुंबईला जाऊन लेझीम खेळून आल्या.
दिव्यांची धग एवढी की तोंडाची पावडर ओघळली,
असं सुली, माझी धाकटी, महिनाभर सांगत होती.
लागणार होतं शुक्रवारी, साडेसहाला,
नोव्हेंबरच्या दोन तारखेला.
गल्लीत एकच टीव्ही, लाकडी शटरचा, खराड्यांकडं.
आईनं त्यांच्यासाठी चिवडा करून ठेवलेला.

बुधवारीच दुकानांच्या फळ्या पडल्या.

शुक्रवारी तरी आम्ही गेलो. न जाणो.
पडद्यावर माणसांची रांग सरकत होती,
फुलं, सारंगी, परत रांग.
खराड्यांची म्हातारी पदर लावून रडत होती.
आम्हीपण रडलो.
सुली कशासाठी रडली
हे त्या दिवशी विचारणं बरं दिसलं नसतं.

ते पुढं लागलंच नाही. फीत पुसली म्हणे.
सुली आता इचलकरंजीत, दोन नातवंडं, गुडघे.
विचारलं तर म्हणते,
"काय की बाबा. गेलतो वाटतं."

परवा मुनीरचा फोन आला. तोच अंक.
बुधवार आहे. गुरुवार आहे.
शुक्रवारी सहा वाजता शेतीच्या बातम्या
आणि त्याखाली चौकोनी भोक.
कात्री सावकाश चालवलेली, एका कोपऱ्यात थरथरलेली.
पाठीमागच्या साबणाच्या जाहिरातीतल्या
बाईचं डोकं गेलंय त्यात.
म्हणजे कुणाकडं तरी तो तुकडा आहे.
किंवा होता.
बारांतली एखादी. नाहीतर तिची आई.
मुनीर म्हणाला, फाटका आहे, पैसे नकोत.
मी दुप्पट दिले.

रविवारी अंक घेऊन इचलकरंजीला गेलो.
सुलीनं चष्मा पुसला, लावला,
पान उचलून भोकातनं माझ्याकडं बघितलं
बराच वेळ.
मग म्हणाली,
"बारा नव्हे रे, दादा.
तेरा होतो आम्ही."